ऑफिसच्या लँडलाईन नंबरावर व्हॉट्सअप बिझनेस, दीड वर्ष वापरून लिहितेय

आधी सांगते मी काय करते. सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचा कारखाना आहे, तिथं मी ऑफिसला. ऑफिस म्हणजे एक टेबल, एक कॉम्प्युटर, आणि ऑर्डर घेणं, बिल काढणं, ट्रान्सपोर्टवाल्याकडून बिल्टी (माल गाडीला दिल्याची पावती) आणवणं, उधारीसाठी मागं लागणं हे सगळं करणारी मी एकटी. दीड वर्षापूर्वीपर्यंत सगळा कारभार फोनवर चालायचा. दिवसभर कानाला फोन, संध्याकाळी कान गरम आणि वहीत अर्धवट आकडे.

ते बदललं एका घोळामुळं. आमच्याकडं कारागीर बहुतेक तेलुगू बोलणारे, मी सोलापूरच्या पूर्व भागात, तेलुगू वस्तीत वाढले त्यामुळं कामापुरती तेलुगू मलाही येते. दिवाळीच्या आधी एका पार्टीनं 27 बाय 54 इंचाचा पांढरा टॉवेल सांगितला, 60 डझन. मी शेडमध्ये मामांना, म्हणजे आमच्या तेलुगू कारागिराला, फोन लावला, मागं लूम खडाखडा चालू, म्हणलं "अरवै डझन". आता तेलुगूत अरवै म्हणजे साठ आणि इरवै म्हणजे वीस. मामांनी इरवै ऐकलं. गाडी लागायच्या दिवशी पॅकिंगला बघते तर वीसच डझन! माझ्या वहीत साठ, मामांच्या डोक्यात वीस, आणि फोनवर मी नक्की काय बोलले ह्याचा पुरावा ना माझ्याकडं ना त्यांच्याकडं. शेठ दोघांनाही बोलले. मामांना माझ्यापेक्षा जास्तच बोलले, त्याचं मला आजही वाईट वाटतं कारण चूक कुणाची ते मलाच अजून माहीत नाही.

तर व्हॉट्सअप बिझनेस, म्हणजे धंद्यासाठीचं वेगळं व्हॉट्सअप. ॲप फुकट आहे, 2018 पासून आहे, आम्हीच उशिरा जागे झालो. सगळ्यात चांगली गोष्ट म्हणजे मोबाईल नंबर लागत नाही, लँडलाईनवर चालू होतं. आमचा 0217 वाला नंबर बिलबुकावर, टॉवेलच्या लेबलवर, बोर्डावर सगळीकडं छापलेला, तोच ठेवला. आता पार्टी मेसेज टाकते तो माझ्या कॉम्प्युटरवर आणि शेठच्या मोबाईलवर दोन्हीकडं दिसतो, मुख्य फोन सोडून आणखी चार ठिकाणी जोडता येतं.

लेबलं लावता येतात चॅटला, नवीन ऑर्डर, पेमेंट बाकी वगैरे. वीसच्या वर नाही होत पण मला सहा पुरतात. दुसरं म्हणजे तयार उत्तरं. रेट विचारणारे दिवसाला दहा जण असतात, तिरकी रेघ मारून "रेट" टाईप केलं की पूर्ण यादी, साईज, जीएसएम (कापडाचं वजन), जीएसटी वेगळा, भाडं पार्टीचं, सगळं एका झटक्यात जातं. आधी हेच मी तोंडपाठ म्हणून दाखवायची दहा वेळा.

मामांचं काय केलं विचाराल तर त्यांना मराठी वाचायला अवघड जातं, पण आकडे आकडेच असतात की. मी मेसेजमध्ये लिहिते 27 x 54, खाली 60, आणि सँपलचा फोटो. ते अंगठा पाठवतात. तो अंगठा आला की मी सुटले आणि ते पण सुटले. पहिले पंधरा दिवस मामा चिडून होते, "काय ओ ताई, दहा पावलावर बसलाव आन् मेसेज टाकताव", पण आता तेच म्हणतात आधी लिहून टाका मग बोला.

शेठ मात्र सुधारले नाहीत. मेसेज टाकतात आणि दुसऱ्या मिनिटाला फोन, "मेसेज टाकलाय, बघितलीस का?" अहो मग लिहिलं कशाला!

आणि व्हॉईस मेसेज, ह्याच्यावर माझा खरा राग आहे. काही पार्ट्यांना टाईप करायचा कंटाळा, मग तीन मिनिटांचं रेकॉर्डिंग पाठवतात, त्यात एक मिनिट पाऊसपाणी, मधे कुणाला तरी चहा सांगितलेला, आणि ऑर्डर शेवटच्या दहा सेकंदात, ती पण हॉर्नच्या आवाजात. दुप्पट स्पीडनं ऐकते मी, तरी आकडा शोधायला दोनदा मागं जावं लागतं. फोन असता तर मधेच तोडून विचारलं असतं, लिहिलं असतं तर एका नजरेत दिसलं असतं, हे धड कशातच नाही. आता मी ऐकून त्याखाली ऑर्डर स्वतः टाईप करते आणि "बरोबर का?" विचारते. हो आल्याशिवाय माल लावत नाही.

जाहिरातीसाठी कुणी घेणार असेल तर ब्रॉडकास्टचं (एकच मेसेज एकदम अनेकांना पाठवायची सोय) बघून घ्या, आपला नंबर ज्यांनी सेव्ह केलाय त्यांनाच तो मेसेज पोचतो आणि एका यादीत 256 च्या वर माणसं बसत नाहीत.

आता फोन पूर्ण बंद केला का, तर नाही. उधारी मागायला मेसेज काही कामाचा नाही. "कृपया पेमेंट करावे" लिहा, हात जोडलेलं चित्र टाका, तो वाचतो आणि ठेवून देतो. तिथं सकाळी अकराच्या पुढं, म्हणजे दुकान उघडून चहा झाल्यावर, फोनच लावायचा, आधी तब्येत, मग मुलीचं लग्न कुठवर आलं, मग "शेठ तेवढं मागचं बिल बघा की". माणूस तोंडावर नाही म्हणायला लाजतो. रंगाचं पण तसंच, मरून शेड फोटोत कधी लाल दिसते कधी चॉकलेटी, तिथं मेसेज नको आणि फोन पण नको, कापडाचा तुकडा कुरियर करते.

ऑफिस बंद असताना आपोआप उत्तर जातं ती सोय चांगली आहे. सिद्धेश्वर यात्रेत अक्षता सोहळ्याच्या दिवशी मी सम्मती कट्ट्याजवळ, जिथं तो सोहळा होतो, गर्दीत उभी आणि इकडं पार्टीला उत्तर जातंय "उद्या संपर्क करू". आधी त्या गर्दीत पण फोन वाजायचा.

पाचपैकी चार देते.

लँडलाईनवर चालू करणार असाल तर एक ध्यानात ठेवा, एसएमएस तर लँडलाईनला येणार नाही, थोडं थांबून "कॉल करा" निवडायचं, मग मशीन फोन करून सहा आकडी कोड बोलून दाखवते. हे लूम बंद असताना करा. मी भर दुपारी केलं आणि तिसऱ्या वेळेला कोड बरोबर ऐकू आला.