सिलिकाचा साचा की झिफ-८? लोह-नायट्रोजन-कार्बन उत्प्रेरकाचे दोन मार्ग

इंधन घटातील ऑक्सिजनच्या क्षपणासाठी, म्हणजे ऑक्सिजनचे पाणी होण्याच्या अभिक्रियेसाठी, प्लॅटिनमऐवजी लोह-नायट्रोजन-कार्बन उत्प्रेरक तयार करायचा ठरला की सच्छिद्रता कोठून आणायची, हा प्रश्न लगेच समोर येतो. पहिल्या मार्गात सिलिकाच्या बारीक कणांभोवती लोहाचा क्षार आणि नायट्रोजनयुक्त सेंद्रिय संयुग भाजून घेतात आणि नंतर सिलिका विरघळवून टाकतात. न्यू मेक्सिको विद्यापीठात ही पद्धत चांगली फुलली आणि अल्बुकर्कीच्या पाहारितो पावडर या कंपनीने तिला बाजारापर्यंत नेले. दुसऱ्या मार्गात जस्त आणि २-मिथाइलइमिडाझोल हे नायट्रोजनयुक्त सेंद्रिय संयुग यांचा झिफ-८ हा सच्छिद्र स्फटिक लोहाच्या क्षारासह भाजला जातो. त्याचा कार्बन होतो आणि जस्त वाफ होऊन निघून जाते. कॅनडातील क्वेबेकमधील रसायनशास्त्रज्ञ दोदले यांच्या गटाने २०११ मध्ये याच मार्गाने हायड्रोजन-ऑक्सिजन घटात दर चौरस सेंटिमीटरला ०.९१ वॅट शक्ती दाखवली, तेव्हापासून या मार्गावर गर्दी वाढली.

मी दोन्ही मार्गांनी काम केले असून आता बहुतेक वेळा झिफ-८ कडे वळतो. तरीही सिलिकाची बाजू आधी मांडणे न्याय्य होईल. प्लॅटिनमचा थर साधारण दहा मायक्रोमीटरचा असतो, तर आपल्या उत्प्रेरकात दर घनसेंटिमीटरमागे सक्रिय केंद्रे, म्हणजे अभिक्रिया घडते त्या जागा, कमी असल्याने थर त्याच्या कित्येक पट जाड द्यावा लागतो. एवढ्या जाडीतून ऑक्सिजन आत पोहोचणे आणि तयार झालेले पाणी बाहेर पडणे, या दोन्ही गोष्टी मोठ्या विद्युतप्रवाहाला अवघड होतात. सिलिकाच्या कणाचा आकार निवडला की मध्यरंध्रांचा (दोन ते पन्नास नॅनोमीटरच्या रंध्रांचा) आकार जवळजवळ आपल्या हाती येतो, आणि ही सोय खरोखर मोलाची आहे. झिफ-८ पासून मिळणाऱ्या कार्बनमध्ये मुख्यतः दोन नॅनोमीटरपेक्षा लहान रंध्रे असतात. तेथे केंद्रे भरपूर असली तरी वाट अरुंद असते.

माझा कल ठरला तो मात्र सिलिका काढण्याच्या पायरीमुळे. हायड्रोफ्लोरिक आम्लाने सिलिका स्वच्छ निघते आणि लोहाचे नको असलेले कणही बऱ्याच प्रमाणात सोबत जातात. पण हे आम्ल काच खाते, त्वचेतून आत शिरून शरीरातील कॅल्शिअम बांधते, आणि सुरुवातीला वेदना जाणवेलच असेही नाही. टेफ्लॉनची भांडी, स्वतंत्र फ्यूम हूड (विषारी वाफ ओढून घेणारे कपाट), हाताशी कॅल्शिअम ग्लुकोनेटचे मलम आणि सांडपाण्याची वेगळी व्यवस्था, हे सर्व असल्याशिवाय नव्या विद्यार्थ्याला त्या कामाला बसवणे मला पटत नाही. मग राहतो तो गरम सोडिअम हायड्रॉक्साइडचा पर्याय. त्यात धोका कमी आहे, पण बारीक कार्बनने गाळणकागद तुंबतो, गाळलेले पाणी काळेच येत राहते, आणि लोहाचे कण काढण्यासाठी आम्लाची धुलाई पुन्हा वेगळी करावी लागते.

एवढे करूनही थोडी सिलिका मागे राहते, हे मला सर्वांत जास्त खटकते. नमुना टीजीएमध्ये (तापवताना वजनातला बदल मोजणाऱ्या यंत्रात) हवेत ८०० अंशांपर्यंत जाळला की पॅनच्या तळाशी लोहाच्या ऑक्साइडचा विटकरी रंगाचा पातळ थर उरायला हवा. माझ्या अनेक नमुन्यांत तेथे फिकट, पांढुरकी राख दिसली. याचा अर्थ असा की इलेक्ट्रोडवर मी जे मिलिग्रॅम मोजून लावले, त्यांतला काही भाग निष्क्रिय सिलिकाचा होता, आणि दर ग्रॅममागची सक्रियता काढताना तो भाग छेदात बसला होता. एका तुकडीची दुसऱ्या तुकडीशी तुलनाच जर अशी डळमळीत असेल, तर लोहाचे प्रमाण बदलल्याने फरक पडला की धुलाईने, हे सांगणे कठीण होते.

झिफ-८ निर्दोष आहे असे मी म्हणणार नाही. जस्ताचा उत्कलनबिंदू ९०७ अंश असल्याने तापमान त्यावर न्यावे लागते आणि वायूचा प्रवाहही नीट ठेवावा लागतो. नाहीतर जस्त आतच राहते. जे निघते ते ट्यूब फर्नेसच्या थंड टोकाला करड्या थराच्या रूपात बसते आणि ती नळी पुन्हा पुन्हा साफ करावी लागते. हाती येणारा कार्बन मूळ वजनाच्या मानाने कमी असतो आणि स्फटिक घडवताना मिथेनॉलही भरपूर लागते. मात्र उरलेले जस्त सौम्य आम्लातही बरेचसे निघते, आणि त्या धुलाईत मला अंगाला काटा आणणारे काही करावे लागत नाही.

टिकाऊपणाबाबत दोघांतही फारसे डावे-उजवे करता येणार नाही. हायड्रोजन पेरॉक्साइड आणि सुटलेले लोह यांच्यापासून हायड्रॉक्सिल मूलके तयार होतात, ती कार्बन आणि घटातील आयन वाहून नेणारे पटल दोन्ही कुरतडतात, आणि रंध्रे कशीही घडवली तरी हा प्रश्न सुटलेला नाही.

तुमचे काम झिंक-एअर बॅटरीचे किंवा ॲनायन (ऋण आयन) पटलाच्या घटाचे असेल, आणि हायड्रोफ्लोरिक आम्लाची रीतसर सोय असेल, तर सिलिकाचा मार्ग घ्यायला माझी हरकत नाही. प्रोटॉन पटलाच्या घटासाठी प्रथमच काम सुरू करणाऱ्याने मात्र, माझ्या मते, झिफ-८ पासूनच सुरुवात करावी. मध्यरंध्रांची उणीव स्फटिक लहान ठेवून बरीच भरून काढता येते: मिथेनॉलमध्ये २-मिथाइलइमिडाझोलचे प्रमाण जस्ताच्या मानाने वाढवले की स्फटिक बारीक होतात, आणि भाजल्यावर त्या कणांमधल्या फटीच ऑक्सिजनला वाट करून देतात.