शनीची कडी: बायनॉक्युलर की छोटी दुर्बीण?

खोक्यावरचे फोटो आधी विसरा. १० बाय ५०च्या (१०पट वर्धन, ५० मिमी रुंद भिंग) बायनॉक्युलरमधून शनी फार तर लांबट ठिपका दिसतो. कडं सुटं दिसत नाही. ७० मिमीच्या दुर्बिणीतून ५०पट वर्धनाला ते ग्रहापासून वेगळं दिसतं. हवा स्थिर असेल तर १००पटीला सुमारे ४,८०० किमी रुंदीची कॅसिनी फटही (कड्यांमधली काळी पट्टी) दिसू शकते, पण कड्यांचा कल पुरेसा हवा. २०२५ मध्ये कडी आपल्याकडे कडेने वळली होती, तेव्हा नुसती रेघ! आता २०३२पर्यंत कल वाढत जाईल.

मेहनत? बायनॉक्युलर गळ्यात अडकवलं की झालं. दुर्बिणीला पक्की तिवई हवीच.

कड्यांचाच ध्यास असेल तर दुर्बीण. चंद्र, तारकागुच्छ, आकाशाची ओळख यांसाठी बायनॉक्युलर.