आधी भाजणार कशी ते ठरवा, मग चांदीची माती घ्या

आमच्या घरात तीन पिढ्या सोनारकाम. मी पहिल्यांदा चांदीच्या मातीचं पाकीट फोडलं तेव्हा अप्पांनी चष्म्यावरून बघत विचारलं, "आता चांदीच्या पोळ्या लाटणार का गं?" लाटल्याच. दोन्ही बाजूंना चार-चार पत्ते ठेवले की बरोबर एक मिलिमीटरची पोळी लाटली जाते, आणि कडेला करंजीचं कातण फिरवलं की सुरेख नक्षी उठते.

ही माती म्हणजे चांदीची अगदी बारीक पूड, पाणी आणि चिकटपणा आणणारा पदार्थ. भाजल्यावर तो पदार्थ जळून जातो, कण न वितळताच एकमेकांना धरतात आणि हाती ९९९ची, म्हणजे ९९.९ टक्के शुद्ध चांदी येते.

गेल्या दीड वर्षात तीन प्रकार वापरले. सगळ्यात जास्त वापरली ती जपानच्या आयडा कंपनीची आर्ट क्ले सिल्व्हर. ६५०° सेल्सिअसला अर्ध्या तासात भाजली जाते, ८-९ टक्के आटते. छोटा दागिना असेल तर भट्टीसुद्धा लागत नाही, हातातला गॅस टॉर्च पुरतो. दिवा मंद करून बसायचं, म्हणजे चांदीवर चढणारी केशरी लाली नीट दिसते. कानातली, पेंडंट यांना ही माती झकास. पुण्याच्या एप्रिलमध्ये मात्र पंखा बंद करून घामाघूम होत काम करा, नाहीतर पोळीला पाच मिनिटांत चिरा जातात. आणि अॅल्युमिनियमचं ताट किंवा फॉइल जवळही नको, चांदी खराब होते.

मित्सुबिशीची पीएमसी ३ (पीएमसी म्हणजे प्रेशस मेटल क्ले) ही ५९९°ला ४५ मिनिटांत होते. खरं सांगायचं तर हाताला मला दोघींत फारसा फरक लागला नाही. जी ताजी मिळेल ती घ्या. मला एका ऑनलाइन दुकानाने पाठवलेलं पाकीट आतून खडूसारखं कोरडं निघालं. थेंब थेंब पाणी घालून दोन दिवस मळत बसले आणि पैसे काही परत मिळाले नाहीत.

घोळ झाला तो अंगठीत. भाचीसाठी करायची होती, आतला व्यास १७ मिमी हवा होता. आटणं धरून १८.७ची केली, टॉर्चने भाजली. माप तंतोतंत आलं, मी खूश! गोलाई सारखी करायला निमुळत्या दांडीवर चढवून लाकडी हातोडीने हलकेच ठोकली, तर टक् करून दोन तुकडे. अप्पांनी तुकडा उजेडात धरला. तुटलेली कड साखरेसारखी रवाळ होती. "आतून कच्ची राहिलीय," म्हणाले, "वरून शिजलेला भात."

म्हणून पुढची अंगठी ओळखीच्या मीनाकारी करणाऱ्या बाईंच्या भट्टीत ९००°ला दोन तास ठेवली. कमी तापमानाची माती असली तरी एवढं भाजल्यावरच तिला खरी ताकद येते. चांदी ९६२°ला वितळते, तेव्हा काट्यावर नजर हवी. ही तुटली नाही, पण महिन्याभरात भाचीच्या बोटात चपटी झाली. शुद्ध चांदी मऊच, त्यात मातीचा काय दोष?

तिसरी अंगठी ईझेड९६० या मातीची. नावाप्रमाणे ९६०ची, म्हणजे हजारात ९६० भाग चांदी असलेली मिश्र चांदी. हिला भट्टीच हवी, टॉर्चवर जमत नाही. पण जुन्या स्टर्लिंग (९२.५ टक्के चांदीच्या) मातीसारखी आधी उघड्यावर आणि मग कोळशात पुरून अशी दोनदा भाजायचा व्याप नाही. हाताला जरा खरखरीत, बारीक नक्षी आर्ट क्लेइतकी कोरीव येत नाही. किंमत तिन्हींची चांदीच्या भावापेक्षा बरीच जास्त, त्यामुळे कातणाखालचा चुरादेखील मी डबीत साठवते, त्याची पेस्ट करून सांधे जोडते.

घरी टॉर्चच असेल तर आर्ट क्ले घ्या आणि कानातल्यांवर थांबा. अंगठी किंवा कडं करायचं असेल तर आधी भट्टी शोधा, मग ९६० मागवा. ती तिसरी अंगठी भाचीच्या बोटात गेले आठ महिने आहे, भांडी घासतानासुद्धा. अप्पांनी ती एकदा मागून घेतली, दांडीवर चढवून दोनदा जोरात ठोकली आणि काही न बोलता परत दिली.