अनुशेष मोजताना: दांडेकरांची पट्टी की केळकरांची?

महाराष्ट्रातील प्रादेशिक असमतोलावर प्रबंध लिहायला बसलेल्या अभ्यासकासमोर लवकरच एक निवड येते: प्रा. वि. म. दांडेकर यांच्या सत्यशोधन समितीची १९८४ मधील पद्धत वापरायची, की डॉ. विजय केळकर समितीने २०१३ मध्ये सुचवलेली वाट धरायची. मी दोन्ही वापरून पाहिल्या आहेत. विदर्भ-मराठवाड्याला न्याय्य वाटा देण्याचे आश्वासन देणारा नागपूर करार, त्याच हेतूने राज्यघटनेत आलेले कलम ३७१(२) आणि त्याखालील वैधानिक विकास मंडळे वाचकाला ठाऊक आहेत असे धरून थेट मोजणीकडे वळतो.

दांडेकरांनी जिल्हा हे एकक धरले आणि राज्याची सरासरी ही पट्टी. रस्ते, सिंचन, ग्रामीण विद्युतीकरण, आरोग्य यांसारख्या क्षेत्रांत जो जिल्हा सरासरीखाली, त्याची तूट भरून काढायला लागणारा पैसा म्हणजे त्याचा अनुशेष. एकूण अनुशेष निघाला ३,१८६.७८ कोटी रुपयांचा. त्यात विदर्भाचा वाटा सुमारे ३९ टक्के, मराठवाड्याचा साडेतेवीस आणि उर्वरित महाराष्ट्राचा ३७. शेवटचा आकडा अनेकांना आजही खटकतो. परंतु एकक जिल्हा असल्यामुळे पुढारलेल्या समजल्या जाणाऱ्या प्रदेशातील मागासलेले जिल्हेही त्यात आले, हे ध्यानात घ्यायला हवे.

केळकर समितीने जिल्ह्याऐवजी तालुक्याकडे पाहायला सांगितले आणि पाण्याला अग्रक्रम दिला. तत्त्वतः हे अधिक न्याय्य आहे, हे नाकारता येणार नाही. सांगली जिल्ह्याची सरासरी काढली की कृष्णाकाठच्या वाळवा-पलूसच्या उसाआड जतचा दुष्काळ दिसेनासा होतो. म्हणूनच एका अवर्षणप्रवण तालुक्याचा अभ्यास हाती घेतला तेव्हा मी केळकरांच्याच वाटेने निघालो.

अडलो ते सिंचनाच्या आकड्यांपाशी. संबंधित कार्यालयातील लिपिकांनी नोंदवही समोर ठेवली, तर तिच्यात रकाने होते शाखा, उपविभाग आणि कालवा यांचे. तालुक्याचा रकानाच नव्हता. एकच वितरिका, म्हणजे कालव्यातून फुटलेला फाटा, दोन तालुक्यांतील गावांना पाणी देत होती. मी तालुकानिहाय क्षेत्र मागितले, तेव्हा ते गृहस्थ शांतपणे म्हणाले, “साहेब, पाणीपट्टी कालव्यावर लागते, तालुक्यावर नाही.” त्यानंतर गावांच्या याद्या घेऊन मी हाताने वाटणी करत बसलो. एका सहकाऱ्याने त्याच याद्यांवरून तीच वाटणी केली, तर त्याचे उत्तर माझ्याशी जुळेना, आणि दोघांपैकी चूक कोणाची हे सांगायला तिसरा कोणताही आधार नव्हता. कदाचित इतर तालुक्यांत नोंदी अधिक नीट असतील; माझ्या वाट्याला मात्र चार महिने असे आले.

दांडेकरांच्या पद्धतीत हा जाच जवळजवळ नाही. जिल्ह्याचे आकडे छापील मिळतात, वजाबाकी कागदावर करता येते आणि आपल्याशी मतभेद असलेला माणूसही ती संध्याकाळभरात पडताळून पाहू शकतो. सिंचनासाठी वापरलेले प्रमाणित रब्बी समतुल्य (प्रत्येक पिकाचे क्षेत्र पाण्याच्या गरजेनुसार रब्बी पिकाच्या क्षेत्रात बदलणारे माप) तर आजही उपयोगी पडते: उसाचा एक हेक्टर आणि रब्बी ज्वारीचा एक हेक्टर पाण्याच्या एकाच मापात आणल्याशिवाय तुलनेला अर्थ उरत नाही.

या पद्धतीचा खरा दोष वेगळाच आहे. अनुशेष रुपयांत मांडला, त्यामुळे पैसा खर्च झाला की तो दूर झाला असे कागदोपत्री म्हणता येऊ लागले. अमरावती विभागात सिंचनाचा भौतिक अनुशेष, म्हणजे हेक्टरांत मोजलेली तूट, त्यानंतरही मागे उरलाच.

ज्यांच्या हाती वर्षभराचा अवधी आहे आणि पाटबंधारे कार्यालयांत ओळख आहे, त्यांनी केळकरांचा तालुका जरूर घ्यावा. माझ्या अंतिम मसुद्यात मात्र दांडेकरांचीच पट्टी राहिली. फक्त रुपयांचा रकाना काढून तिथे हेक्टरांचा ठेवला, आणि त्या तालुक्याची कहाणी आकड्यांविना एका स्वतंत्र प्रकरणात लिहिली.