५० खाटांसाठी ऑक्सिजन: जम्बो सिलिंडर, पीएसए प्लांट की लिक्विड टाकी?

पुढच्या साथीची तयारी म्हणून सातारा-सांगलीकडचं ५० खाटांचं रुग्णालय ऑक्सिजनचा विचार करायला बसलं, की चर्चा कोटेशनच्या रकमेवरच अडकते. आधी मागणी काढा. वॉर्डातल्या ४० खाटांना मिनिटाला १० लिटर आणि आयसीयूच्या १० खाटांना २५ लिटर धरले, तर ६५० एलपीएम (लिटर प्रति मिनिट) होतात, म्हणजे दिवसाला ९ लाख ३६ हजार लिटर. आकडा फुगवलेला नाही; एचएफएनसीवरचा, म्हणजे नाकातल्या नळीने जोराच्या प्रवाहात ऑक्सिजन घेणारा, एकच रुग्ण ६० लिटरपर्यंत ओढतो.

जम्बो सिलिंडरमध्ये ७ हजार लिटर वायू मावतो. या हिशेबाने दिवसाला १३४ सिलिंडर लागतील. मॅनिफोल्डवर (अनेक सिलिंडर एकत्र पाइपलाइनला जोडणाऱ्या सांगाड्यावर) १०-१० सिलिंडरच्या दोन बँका, म्हणजे गट, असल्या तरी एक बँक पावणेदोन तासांत संपते. रात्रभर पाना घेऊन माणूस उभा आणि रिफिलिंगची गाडी सतत रस्त्यावर. मुख्य पुरवठा म्हणून हा पर्याय बाद. राखीव म्हणून मात्र हवाच, कारण त्याला वीज लागत नाही.

पीएसए प्लांट हवा दाबून तिच्यातला नायट्रोजन झिओलाइट या सच्छिद्र खनिजाच्या दाण्यांमध्ये अडकवतो आणि साधारण ९३ टक्के शुद्ध ऑक्सिजन देतो. इथे ५०० एलपीएमचा अपुरा पडेल, १००० चा घ्या. वीज गेली की थोड्याच वेळात दाब उतरतो, म्हणून जनरेटर निवडताना कॉम्प्रेसर सुरू होतानाचा जादा भारही धरा. बिघाड बहुधा कॉम्प्रेसरकडून सुरू होतो: पावसाळी दमट हवा, नादुरुस्त ड्रायर, मुदत उलटलेले फिल्टर. पाणी आणि तेल झिओलाइटपर्यंत पोचलं की शुद्धता ९० च्या खाली घसरते, आणि मग झिओलाइटच बदलावं लागतं. साथ नाही म्हणून बंद ठेवलेला प्लांट ऐन वेळी हमखास दगा देतो. दर आठवड्याला चालवा, ॲनालायझरवरचा शुद्धतेचा आकडा वहीत लिहा. आणि बूस्टर (दाब वाढवणारा जादा कॉम्प्रेसर) घेतला नसेल तर या प्लांटवर सिलिंडर भरता येत नाहीत. विक्रेते हे आपणहून सांगतीलच असं नाही.

तिसरा पर्याय लिक्विड टाकीचा. एक लिटर द्रव ऑक्सिजनचा सुमारे ८६० लिटर वायू होतो. रोज ११०० लिटर द्रव लागेल, म्हणजे ६ हजार लिटरची टाकी जेमतेम पाच दिवस. शुद्धता चांगली, विजेची गरज नगण्य. पण पेसो या केंद्राच्या स्फोटक सुरक्षा यंत्रणेचा परवाना, मोकळी जागा आणि टँकर उभा राहतो तिथे काँक्रीट लागतं. डांबरावर द्रव ऑक्सिजन सांडणं धोक्याचं. द्रवाचा वायू करणाऱ्या व्हेपोरायझरवर बर्फ साचतो, तेव्हा आलटूनपालटून चालणारे दोन घ्या. शिवाय वापर कमी असला तर टाकीतला माल नुसता उडून जातो.

खरी अडचण रस्त्याची. टँकर चाकण किंवा बळ्ळारीकडून येणार. जुलै २०२१ मध्ये दुसरी लाट पुरती ओसरलेली नसतानाच सांगलीत कृष्णेचा पूर आला, पाटण तालुक्यात दरडी कोसळल्या. म्हणून पाटण, जावळीकडे पीएसए आणि जोडीला सिलिंडर. मिरजेसारख्या ठिकाणी, खाटा शंभरावर असतील आणि रोजचा वापर भरपूर असेल, तर टाकी परवडते. पीएसए जोडीला ठेवा. पूररेषेजवळ काहीही बसवलं तरी कॉम्प्रेसर, पॅनेल आणि जनरेटर २०१९ च्या पाणीपातळीच्या वर उचलून घ्या.

ऑर्डर देण्याआधी पाइपलाइन तपासा. रिकाम्या वॉर्डाचे सगळे फ्लोमीटर आणि झोन व्हॉल्व्ह (त्या भागाचा पुरवठा तोडणारी झडप) बंद करून तासाभराने गेज पाहा. दाब उतरला असेल तर सांध्यांना साबणाचं पाणी लावून गळती शोधा.