अंगठा दोनदा लावला होता

माझा धाकटा भाऊ कॅप राउंडमधून (सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून) इंजिनिअरिंगला लागला. घरची शेती चार एकर, उत्पन्नाचा दाखला ८ लाखांच्या कितीतरी खाली, म्हणून राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीचा फॉर्म भरायचं ठरलं. त्यात निम्मी ट्यूशन फी सरकार देतं. (या उत्पन्नात मुलींना २०२४-२५ पासून पूर्ण माफी आहे, पण आमच्या घरातून इंजिनिअरिंगला गेला तो मुलगा!)

महाडीबीटीवर, म्हणजे राज्य सरकारच्या शिष्यवृत्तीच्या पोर्टलवर, फॉर्म भरायला पैसे पडत नाहीत. तरी कॉलेजसमोरच्या नेट कॅफेत रांग असते, कारण दाखले स्कॅन करायचे असतात आणि साइट चालेपर्यंत बसायला कोणीतरी लागतं. तिथल्या पोराने २०० रुपये घेतले, मशीनवर अंगठा ठेवायला लावला आणि म्हणाला, "घेत नाहीये रे, परत ठेव." त्या दुसऱ्या अंगठ्यावर भावाच्या नावाने भलत्याच बँकेत खातं उघडलं गेलं. त्या खात्याला मोबाइल नंबर मात्र फसवणाऱ्यांचा.

हे आम्हाला कळलं पाच महिन्यांनी. पोर्टलवर पहिला हप्ता, २१,५०० रुपये, जमा झालेला दिसत होता आणि पासबुक कोरं. सरकारी काम आहे, येतील उद्या-परवा, म्हणत आणखी महिना घालवला. ही चूक आमची. कॉलेजच्या ऑफिसातून फीचे फोन सुरू झाले तेव्हा भाऊ बँकेत गेला. काउंटरवरच्या मॅडम म्हणाल्या, "तुझं आधार आता आमच्याकडे नाही, दुसऱ्या बँकेला लिंक आहे."

फॉर्मला आपल्या पासबुकाची झेरॉक्स जोडली म्हणजे पैसे तिथेच येणार, अशी आमची समजूत होती. पण डीबीटीचे, म्हणजे सरकारकडून थेट खात्यात येणारे, पैसे आधारला सगळ्यात शेवटी जोडलेल्या खात्यात जातात. खाती चार असली तरी सीडिंग, म्हणजे ही आधारची जोडणी, एकाचंच. मायआधार साइटवर ओटीपी टाकून 'बँक सीडिंग स्टेटस' उघडलं की बँकेचं नाव दिसतं, दोन मिनिटांचं काम. फॉर्म भरल्यावर एकदा आणि हप्त्याच्या आधी एकदा बघा. बायोमेट्रिक लॉकही (म्हणजे आपला अंगठा आधारसाठी चालू नये अशी सोय) तिथेच करता येतं. आणि अंगठा दुसऱ्यांदा मागितला तर स्क्रीन आपल्याकडे वळवायला सांगा, लाजू नका. माझा भाऊ लाजला.

१९३० वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, फोन केला तोवर ते खातं रिकामं झालं होतं. पोलिसांनी तक्रार घेतली, पण पहिला प्रश्न हाच: "खातं याच्या नावाचं, अंगठा याचा, मग पैसे दुसऱ्याने कसे काढले?" हे समजावण्यात अर्धा दिवस गेला.

बँकेत फॉर्म देऊन आधार जुन्या खात्याला परत जोडलं, दुसरा हप्ता तिथे आला. पहिल्याचे पैसे बाबांनी तूर विकून भरले. कॅफेचा मालक म्हणतो, तो पोरगा काम सोडून गेला. मशीन अजून त्याच टेबलावर आहे.