पावसाळाभर वापरलेल्या वेइंग बॉटल

जूनमध्ये कॉलेजच्या लॅबसाठी घासलेल्या काचेच्या झाकणाच्या सहा वेइंग बॉटल (पदार्थ तोलण्याच्या छोट्या काचेच्या बाटल्या) मागवल्या. आता आठ महिने झाले. आमची लॅब रत्नागिरीच्या बाजूला, समुद्राजवळ. जुलै-ऑगस्टमध्ये इथली हवा नुसती ओली असते, त्यामुळे या बाटल्यांची खरी परीक्षा इथेच झाली.

आधी आम्ही सगळंच बटर पेपरवर किंवा वॉच ग्लासवर (काचेच्या उथळ बशीवर) तोलायचो. निर्जल कॅल्शियम क्लोराइड पॅनवर ठेवलं की बॅलन्सचा (लॅबच्या तराजूचा) चौथा दशांश, म्हणजे दशांश चिन्हानंतरचा चौथा आकडा, थांबायचाच नाही. मुलं म्हणायची, "मॅडम, रीडिंग चढतंय." मला वाटलं बॅलन्स बिघडला. कॅलिब्रेशन करून घेतलं, तर तो अगदी ठीक होता. तो खरंच सांगत होता, पदार्थ आमच्या डोळ्यांदेखत पाणी पीत होता. साधारण ३० टक्के आर्द्रतेच्या वर हा क्षार ओलावा ओढत ओढत शेवटी विरघळतो, आणि कॉस्टिक सोड्याला (सोडियम हायड्रॉक्साइडला) तर १० टक्क्यांच्या आतली आर्द्रताही पुरते. कोकणातल्या पावसाळ्यात इतकी कोरडी हवा कुठून आणायची?

आता पद्धत बदलली आहे. पदार्थ बाटलीत घालून झाकण लावून वजन घ्यायचं, हवा तेवढा झटपट बीकरमध्ये ओतायचा, झाकण लावून पुन्हा तोलायचं. दोन वजनांतला फरक हेच आपलं वजन. नेमकं ०.५००० ग्रॅमच पडायला हवं हा हट्ट सोडावा लागतो. ०.४८७३ पडलं तर तेच लिहायचं आणि त्यावरून हिशोब करायचा. मुलांना हे पटवायला मला महिना लागला. चमच्या-चमच्याने कमी-जास्त करत बसलं की बाटली उघडी राहते आणि सगळी मेहनत वाया जाते.

बाटली बोटांनी धरू नये. कागदाची पट्टी गुंडाळून धरावी, बोटांचा ओलावा आणि तेलकटपणाही चौथ्या दशांशात दिसतो. ओव्हनमधून काढलेली बाटली गरम असताना तोलू नये. तिच्याभोवतीची हवा वर चढते आणि वजन कमी दिसतं. डेसिकेटरमध्ये (तळाशी ओलावा शोषणारा पदार्थ असलेल्या घट्ट झाकणाच्या भांड्यात) किमान अर्धा तास थंड होऊ द्यावी. मात्र फार गरम असताना आत ठेवून लगेच डेसिकेटर बंद केला, तर हवा थंड झाल्यावर आत दाब कमी होतो आणि झाकण हलत नाही. ऑगस्टमध्ये हे आमच्याकडे दोनदा झालं. आता मिनिटभर थांबून मगच झाकण सरकवून बंद करतो.

पण एक गोष्ट या बाटल्या करत नाहीत: आधीच ओला झालेला पदार्थ त्या कोरडा करत नाहीत. म्हणून कॉस्टिक सोडा कितीही काळजीने तोलला तरी त्या वजनावर मी द्रावणाची सांद्रता ठरवत नाही. तो पाण्याबरोबर हवेतला कार्बन डायऑक्साइडही घेतो. अंदाजे द्रावण करायचं आणि केएचपीने (पोटॅशियम हायड्रोजन थॅलेट, नेमकं तोलता येणारा आम्लधर्मी क्षार) टायट्रेशन करून, म्हणजे त्याच्याशी पुरी क्रिया व्हायला किती द्रावण लागतं ते मोजून, प्रमाणित करायचं. साधारण ११० अंशांवर दोन तास सुकवलेलं ०.५ ग्रॅम केएचपी या बाटलीतून घेतलं की ०.१ नॉर्मल सांद्रतेच्या कॉस्टिकच्या द्रावणाचे सुमारे २४.५ मिली लागतात. इथे बाटलीचा पैसा वसूल होतो. लागोपाठच्या तीन टायट्रेशनची रीडिंगं आता जुळतात, गेल्या वर्षी ती भरकटायची.

कॉस्टिक मात्र या बाटल्यांत साठवू नका. घासलेल्या सांध्यात शिरून ते काच खातं आणि झाकण कायमचं अडकतं. आमची एक बाटली अशीच गेली. कॉस्टिकसाठी घट्ट प्लास्टिकच्या झाकणाची बाटली बरी.

डेसिकेटरमधलं ओलावा शोषणारं निळं सिलिका जेल पावसाळ्यात भराभर गुलाबी होतं. दर आठवड्याला ओव्हनमध्ये भाजून पुन्हा निळं करावं लागलं. जेल गुलाबी दिसत असताना त्यात ठेवलेल्या बाटलीवर विश्वास ठेवू नये.

घेताना झाकण स्वतः बसवून बघा. प्रत्येक झाकण आपल्याच बाटलीला नीट बसतं. आमच्याकडे धुताना दोन झाकणांची अदलाबदल झाली, आणि त्या आठवड्यात त्या दोन्ही बाटल्यांचं वजन झाकण लावूनही हळूहळू चढत राहिलं. तेव्हापासून घासलेल्या भागावर पेन्सिलने बाटलीवर आणि झाकणावर एकच नंबर लिहितो.